उपग्रह वर टिकतो कसा? पेट्रोल कोण घालतं?

गच्चीवरचा
काल संध्याकाळी लेकीला (वय ९) घेऊन गच्चीवर गेलो होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पुण्यावरून जाणार होतं. ठरल्या मिनिटाला वायव्येकडून एक ठिपका निघाला. लुकलुक नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज तर नाहीच. चार-पाच मिनिटांत डोक्यावरून आग्नेयेला गेला.

"बाबा, ह्याचं पेट्रोल संपत नाही का?"
मी ऐटीत म्हटलं, इंजिन बंदच असतं गं.
"मग खाली का पडत नाही?"

इथे माझी दांडी उडाली. केंद्रोत्सारी बल वगैरे काहीतरी पुटपुटलो. तिने "म्हणजे काय?" विचारलं आणि मी आईस्क्रीमचा विषय काढला. जाणकारांनी प्रकाश टाकावा. अट एकच, नऊ वर्षांच्या पोरीला सांगता आलं पाहिजे.

तिखटमीठ
सोपं आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. अंतराळवीर तरंगताना पाहिले नाहीत का कधी? धागा बंद करा.

अनुस्वार
तिखटमीठ, इतक्यात कुलूप लावू नका.

स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर आहे. मुंबईहून कोल्हापूरला आपण जेवढं जातो तेवढंच, फक्त सरळ वर. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. एवढ्याशा अंतरात पृथ्वीने हात टेकले असते तर चंद्र कधीच पसार झाला असता. उद्या कुणी ४०० किमी उंच मनोरा बांधला आणि वरून नारळ सोडला, तर तो मुकाट्याने खालीच येईल.

अंतराळवीर तरंगतात कारण ते, त्यांचं स्थानक आणि त्यांचा टूथब्रश असं सगळं बिऱ्हाड एकत्रच पडतंय. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये खिशातलं नाणं काढून सोडलं तर तेही तुमच्या नाकासमोरच राहील. (करून बघू नये.)

मग आदळत का नाहीत? आडव्या वेगामुळे. गच्चीवरचा, लेकीला चेंडू द्या. नुसता सोडला तर भिंतीच्या बुडाशी पडेल. आडवा फेकला तर पार्किंगमध्ये. जोरात आडवा फेकला तर समोरच्या सोसायटीत, आणि मग तुमचं त्यांच्याशी भांडण. खाली यायला लागणारा वेळ तिन्ही वेळा सारखाच, फक्त पडण्याची जागा लांब लांब जाते.

आता खरी मेख. कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, दीडेक मजला. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे ७.९ किमी आडवं गेलं की जमीनसुद्धा ४.९ मीटर खाली वळलेली असते. म्हणजे हवेचा अडथळा नाही असं धरलं आणि चेंडू सेकंदाला ७.९ किमी वेगाने आडवा फेकला, तर तो जेवढा पडला तेवढीच जमीनही खाली गेली. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. चेंडू पडतोच आहे, जमीन काही त्याच्या हाती लागत नाही. न्यूटनने उंच डोंगरावर तोफ ठेवून हाच हिशेब मांडला होता, सतराव्या शतकात. तेव्हा अंतराळात जाणारं रॉकेट सोडा, आगगाडीसुद्धा नव्हती.

पेट्रोल लागतं ते हा आडवा वेग कमवायला. उड्डाण बघताना वाटतं रॉकेट सरळ वर चाललंय, पण ते लवकरच कलायला लागतं. उंची गाठणं त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. इंधनाचा मोठा वाटा वेगावर जळतो.

रानवारा
एवढं लांबण कशाला? गोफण सांगा तिला. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला गोफण फिरवायचे. दगड फिरतोय तोवर दोरी त्याला धरून ठेवते. गुरुत्वाकर्षण म्हणजे दोरी. झालं.

अनुस्वार
रानवारा, उदाहरण झकास, पण अर्ध्यावर दगा देतं. गोफण जोरात फिरवली की दोरीला ताण जास्त बसतो, दगड मात्र तेवढ्याच अंतरावर फिरतो. हळू फिरवा की जोरात, दोरीची लांबी तीच. पृथ्वीच्या दोरीचं तसं नाही. ठरावीक उंचीवर तिचा ओढा ठरलेला, तुमच्यासाठी ती जास्त जोर लावत नाही. म्हणून एका उंचीवर गोल फिरायचं तर वेगही एकच चालतो. कमी पडला तर घसरून खाली, जास्त झाला तर लांबट वाटेने वर.

आणि वर जावं तसा ओढा कमी, म्हणून लागणारा वेगही कमी:
४०० किमीवर सेकंदाला सुमारे ७.७ किमी, एक फेरी साधारण ९३ मिनिटांत. पुणे-मुंबई वीस सेकंदांत म्हणा.
३५,७८६ किमीवर सेकंदाला ३ किमीच्या जरा वर, फेरीला एक दिवस.
चंद्राला, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून ३,८४,४०० किमीवर, सेकंदाला जेमतेम १ किमी.

कॅल्क्युलेटर
केप्लरचा तिसरा नियम (अंतराचा घन करून वर्गमूळ काढलं की त्या पटीत फेरीची वेळ वाढते) लावून पाहिला. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरायचं. एका दिवसाच्या फेरीवाल्या उपग्रहाचं ४२,१६४ किमी. चंद्र त्याच्या ९.१२ पट लांब. ९.१२ चा घन करून वर्गमूळ काढलं तर साडेसत्तावीस. चंद्राची फेरी प्रत्यक्षात २७.३ दिवसांची. च्यायला, टीव्हीचा उपग्रह आणि पौर्णिमेचा चंद्र एकाच पाढ्यात बसतात!

संत्रासोला
पण मग टीव्हीचा उपग्रह एका जागी थांबतो तो कसा? डिश तर आपण एकदाच लावतो, तिला कुणी फिरवत बसत नाही. आणि जागीच थांबवायचा तर नागपूरच्या डोक्यावर थांबवा की. शून्य मैलाचा दगड आहे आमच्याकडे, देशाच्या मधोमध.

अनुस्वार
थांबत नाही. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तो तिच्याभोवती फिरतो, त्यामुळे आपल्याला थांबल्यासारखा दिसतो. शेजारच्या रुळावर आपल्याच वेगाने धावणारी लोकल जशी उभी वाटते तसं. ही फेरी बरोब्बर जुळते ती एकाच उंचीवर, ३५,७८६ किमी.

नागपूर का नाही, त्याचं उत्तर तुमच्या नावातच आहे. संत्रं घ्या. मधोमध सुरी घालून दोन सारख्या फाका करा. सुरी आडवी धरा, उभी धरा, तिरकी धरा, गाभ्यातून गेलीच पाहिजे. कुठल्याही उपग्रहाची वाट ही अशीच कापलेली कड असते, कारण ओढ पृथ्वीच्या केंद्राकडे असते. नागपूरच्या अक्षांशावरून संत्र्याची नुसती टोपी कापली तर सुरी गाभ्यातून जात नाही. तशी कक्षा निसर्गात नाही. गाभ्यातून जाणारी आणि शिवाय पृथ्वीच्या फिरण्याला समांतर अशी कड एकच, विषुववृत्त. म्हणून सगळे भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर दाटीवाटीने, रेखांश वाटून घेऊन बसलेत.

पावसाळ्यात आपण ज्याच्यावरची ढगांची चित्रं बघतो त्यातला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्वेवर आहे. रेखांश जवळजवळ पुण्याचाच, पण तो आहे मालदीवच्या पूर्वेला, समुद्राच्या डोक्यावर. तिथून तो वर तिरका बघून आपला मान्सून टिपतो.

चिकित्सक चंदू
दुरुस्ती: वर "फेरीला एक दिवस" म्हटलंय ते २४ तास नव्हे. २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी तेवढ्यात पुरी होते, उरलेली चार मिनिटं सूर्याला गाठायला लागतात.

तिखटमीठ
आले चंदू. धागा आता पवित्र झाला.

जुना डिशवाला
बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा विषय माझ्या पोटापाण्याचा. आठ वर्षं पुण्यात डिश बसवल्या. कक्षा बिक्षा तेव्हा कोणी शिकवली नाही. सांगितलं एवढंच की दक्षिणेकडे तोंड, जरा पूर्वेला दाब. आमचा उपग्रह ८३ अंश पूर्वेवर होता. गच्चीवर गेलं की आधी सूर्य बघायचा, मग डिशचा खांब ओळंब्यात घ्यायचा. खांब तिरका असेल तर दिवसभर घासलं तरी सिग्नल लागत नाही. मग मीटर लावून डिश इकडून तिकडे केसभर हलवायची, क्वालिटीचा आकडा चढला की नट आवळायचे.

गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "अहो, उपग्रह आकाशात, आणि डिश समोरच्या बिल्डिंगकडे काय बघतेय?" दिसते तशी ती बघत नाही. समोरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल टिपणारा डबा, मुद्दाम खाली बसवलेला असतो, म्हणजे त्याची सावली डिशवर पडत नाही. त्यामुळे डिश दिसते जरा जास्तच उभी, पण तिची खरी नजर पुण्यातून जवळपास ६६ अंश वर असते.

माझा एक फजितीचा किस्सा. फेब्रुवारीत एका बंगल्यावर डिश लावली, समोर देशी बदामाचं झाड, पानगळ होऊन नुसता खराटा. सिग्नल फर्स्ट क्लास. जूनमध्ये फोन, "तुमची डिश पावसात चालत नाही." गेलो तर झाड हिरवंगार, ताटाएवढी पानं, आणि उपग्रह बरोबर पानांच्या मागे. आजोबा म्हणाले, फांदी तोडणार नाही, उपग्रह सरकवा. डिश पलीकडच्या टाकीवर नेली. वायर माझ्या खिशातून गेली.

दुसरं म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोज दुपारी बाराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटायचं. दरवर्षी तक्रारींचा पाऊस. एका काकूंना खात्री होती की शेजारी इन्व्हर्टर लावतात म्हणून होतं. नंतर आमच्या एका सीनियरने उलगडा केला. त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. डिश उपग्रहाकडे बघते म्हणजे थेट सूर्याकडेच बघते, आणि सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाची कुजबुज बुडून जाते.

मंडई_ते_मेलबर्न
डिशवाले, दंडवत! बदामाचा किस्सा पोरांना वाचून दाखवला. इथे आमच्या सगळ्या डिश उत्तरेकडे तोंड करून असतात, आल्या आल्या फार विचित्र वाटलं होतं. विषुववृत्त इथून उत्तरेला, हे डोक्यात शिरायला संत्रं लागलं.

अवांतर: बातम्यांमध्ये स्टुडिओतून प्रश्न आला तरी लांबचा वार्ताहर क्षणभर नुसता मान हलवत उभा राहतो, तो या ३६ हजार किमीमुळेच ना?

अनुस्वार
बऱ्याचदा हो. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव, वर यंत्रांचा वेळ निराळा. म्हणूनच इंटरनेटवाले आता ५५० किमीवर हजारोंनी उपग्रह सोडतायत. तिथे अंतराचा उशीर नगण्य, पण एकेक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणून एकावर भागत नाही, पलटणच लागते.

वावरातून
भाऊ, मी अकोल्याकडचा कास्तकार. हे सारं वाचून एक विचारतो. नुकसानीच्या टायमाले सायेब लोक म्हनते, सॅटेलाइटवर तुमचं वावर हिरवं दिसते. आता ते सॅटेलाइट जर आमच्या वावरावरून काही मिनिटांत पळून जाते, तर त्याले समजलं कधी न पाहिलं कधी? अन् जे एका जागी बसून हाये ते कायले नाई पाहत?

अनुस्वार
दादा, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

एका जागी बसलेला ३६ हजार किमी लांब आहे. त्याला चक्रीवादळ दिसतं, तालुक्यावरचा ढग दिसतो, पण तुमचा बांध दिसत नाही. शेताचे फोटो काढणारे साधारण ५०० ते ८०० किमीवर, जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात. आपला रिसोर्ससॅट ८१७ किमीवर आहे. त्याची एक फेरी सुमारे १०१ मिनिटांची. तेवढ्यात खाली पृथ्वी पंचवीस अंश पूर्वेला सरकलेली असते, म्हणून पुढच्या फेरीत तो तुमच्यावरून नाही, बराच पश्चिमेवरून जातो. नांगराची एकेक तास मारत अख्खं वावर उरकावं तसा तो पृथ्वी उरकतो. त्याच्या एका कॅमेऱ्याला तोच पट्टा पुन्हा समोर यायला २४ दिवस लागतात. दुसरे उपग्रह मध्ये भर घालतात, पण रोज टक लावून बघणारं कोणी नाही.

यातली एक गंमत सांगतो. असा उपग्रह तुमच्या अक्षांशावर येतो तेव्हा तिथल्या घड्याळात नेहमी साधारण साडेदहाच वाजलेले असतात. वर्षभर. ऊन दर वेळी एकाच वेळेचं मिळावं, म्हणजे जूनचा आणि नोव्हेंबरचा फोटो शेजारी ठेवून पीक ताडता येतं. हे जमवायला त्याची वाट रोज जवळजवळ एक अंश वळावी लागते, सूर्याच्या बरोबरीने. इंधन जाळून नव्हे. पृथ्वीचं पोट विषुववृत्तावर सुटलेलं आहे, ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किमी जास्त. त्या पोटाच्या ओढीने वाट आपोआप वळते. उंची आणि तिरपेपणा नेमका निवडला की वळण फुकट मिळतं. पृथ्वीच्या बेढबपणाचा इतका सुरेख वापर दुसरीकडे बघितला नाही मी.

खरिपात ढग असले की साधा कॅमेरा आंधळा. तेव्हा रडारवाले उपग्रह कामाला येतात, आपला ईओएस-०४ त्यातला. तेव्हा "सॅटेलाइटवर दिसतं" म्हणणाऱ्या साहेबाला विचारायचं, कुठल्या तारखेचं चित्र, आणि ढग होते का.

वावरातून
हे पक्कं ध्यानात ठेवतो. तारीख इचारतो.

पेन्शनर
वाचून १९७९ आठवलं. जुलै महिना, मी नववीत. अमेरिकेचं स्कायलॅब पडणार म्हणून सगळीकडे घबराट. आजीने त्या दिवशी आम्हाला अंगणात झोपू दिलं नाही. वडील म्हणायचे, पत्र्याखाली झोपून काय होणार, ते ७०-७५ टनांचं धूड आहे. रात्री रेडिओ उशापाशी. शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकडे पडले. आता प्रश्न असा: वर हवा नाही, पेट्रोल लागत नाही, मग ते पडलं कशामुळे?

अनुस्वार
काका, "हवा नाही" हे पूर्ण खरं नाही. चार-पाचशे किमीवरही अगदी विरळ हवा आहे. आंतरराष्ट्रीय स्थानक तिच्यामुळे महिन्याला साधारण दोन किमी खाली घसरतं, आणि अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलावं लागतं. गच्चीवरचा, लेकीचा पेट्रोलचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता हो! सूर्य खवळलेला असला की वरची हवा तापून फुगते आणि अडथळा वाढतो. स्कायलॅबच्या काळात सूर्य अंदाजापेक्षा जास्त खवळला, आणि त्याला वर ढकलणारं यान वेळेत तयार झालं नाही.

झाडीपट्टी
आमच्याकडे तर खरोखर पडलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकाशी उभे होतो. आकाशात एकामागोमाग जळते गोळे, मागे शेपट्या, सावकाश आडवे जाताना. कोणी म्हणे विमान, कोणी म्हणे मिसाईल. मग बातमी, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग पडली. पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. उल्का असती तर डोळा मिटेपर्यंत संपली असती. हे चांगलं सावकाश चाललं होतं.

अनुस्वार
सावकाश, कारण ते कक्षेतल्या वेगाने तिरकं आत शिरलं. उल्का त्याच्या कितीतरी पट वेगाने येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तो वरचा टप्पा होता, असं कक्षांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं.

हे रॉकेट उपग्रहाला लांबट वाटेवर सोडतं. एक टोक पृथ्वीच्या अगदी जवळ, दुसरं हजारो किमी दूर. पुस्तकी शब्द उपभू आणि अपभू. रिकामा टप्पा त्याच वाटेवर घिरट्या घालतो. दर फेरीत जवळच्या टोकाला हवेला चाटून जातो आणि थोडा वेग गमावतो. मेख अशी की जवळच्या टोकाला वेग कमी झाला की खाली येतं ते लांबचं टोक. वर्षभर ते असं उतरत उतरत एका पाडव्याला तुमच्या फाटकावरून गेलं.

हेच उलटं चालवलं की चांद्रयान. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ सुटलं तेव्हा वाट होती १७० बाय ३६,५०० किमी. मग दर वेळी जवळच्या टोकाशी आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, आणि लांबचं टोक वर उचललं जायचं. २५ जुलैपर्यंत ते सव्वा लाख किमीच्या पुढे गेलं होतं. झोपाळ्याला आपण योग्य जागी टेका देतो तसंच.

एक्सप्रेसवे_पीडित
मला एकच कळत नाही. स्पेडेक्समध्ये इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला दोन उपग्रह जोडले. मागच्याने पुढच्याला गाठायचं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबायचा ना? आमचा एक मित्र म्हणतो ब्रेक मारतात. त्याला वेड्यात काढलंय सगळ्यांनी ग्रुपवर.

कॅल्क्युलेटर
मित्राची माफी मागा. पुढे जायला जोर लावला की वाट फुगते, फेरी लांबते, आणि तुम्ही आणखी मागे पडता. ब्रेक मारला की खालच्या वाटेवर उतरता, तिथली फेरी लवकर संपते, आणि तुम्ही पुढच्याला खालून गाठता. मग हळूच वर. अगदी जवळ आल्यावर, शेवटच्या काही मीटरांत, नेहमीच्या ढकलाढकलीवर भागतं.

एक्सप्रेसवे_पीडित
हे खंडाळ्यात करून पाहणार नाही.

गच्चीवरचा
सगळ्यांचे आभार. चेंडूचा प्रयोग झाला. तिसरा चेंडू खरंच समोरच्या सोसायटीत गेला आणि अजून तिकडेच आहे. "तो पडतोच आहे, पण जमीन हाती लागत नाही" हे तिला पटलं, माझ्यापेक्षा लवकर. वर तिनेच मला विचारलं, मग चंद्रपण पडतोय का? हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प होती.

आज पुन्हा गच्चीवर गेलो. आजची वेळ जरा उशिराची. स्थानक आलं, छान वर चढलं, आणि ऐन डोक्यावर दोन-तीन सेकंदांत मंद होत विझलं. ढग नाही, काही नाही. लेक ओरडली, "पेट्रोल संपलं!"

चिकित्सक चंदू
पृथ्वीच्या सावलीत गेलं. त्याला स्वतःचा प्रकाश नाही, आपण बघतो ते त्याच्यावर पडलेलं ऊन. आपल्याकडे सूर्य मावळला तरी ४०० किमीवर तो थोडा वेळ असतो, मग तिथेही मावळतो. त्यांची रात्र पस्तीसेक मिनिटांची. दिवसात पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो त्यांचा.

गच्चीवरचा
सांगितलं तिला. आता ती घड्याळ घेऊन गच्चीतच बसलीय, पस्तीस मिनिटं होईपर्यंत जेवायला येत नाही म्हणते.